बन्सी गहू आणि मार्को पोलो

सेलू, ८ एप्रिल २०२५

चि. सुकेशनीस, ताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम वि. वि.

फोनवर मला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहायलेय. संघप्रियानं पसंत केलेल्या पोराची आई इटलीहून तुमच्या घरी येणार म्हणे. पंडितराव अजून लग्नाला राजी न्हाईत. एकुलती लेक परदेशी जाणार म्हणून बापाचा जीव तुटतो, ते समजतं. पण भूगोलाचे मास्तर ते! पाव्हणीची परीक्षाच घेतील, याची लय धास्ती वाटायलीय. सविस्तर कळव. माया आहेच, ती वाढती राहू दे.

तुझी ताई,
धम्मशीला

बोरी, २० एप्रिल २०२५

ती. ताईस, सप्रेम जयभीम वि. वि.

तुझी धास्ती खरी ठरली. पाव्हणी रोझालियाबाई इटलीतल्या सिसिली बेटावरच्या. पास्ता आमचाच, असं त्या म्हणाल्या अन् हे ताठ झाले. म्हणाले, तो तर मार्को पोलोनं चीनमधून नेला. संघप्रिया दुभाषी; हे बाईंना सांगू का, म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, सांग, व्हायचं ते होईल.

बाई तापल्या. म्हणाल्या, मार्को पोलो जन्मायच्या शंभर वर्षं आधी अल् इद्रिसी या अरब भूगोलकारानं लिहून ठेवलंय, की सिसिलीच्या त्राबिया गावातून पास्ता गलबतांनी देशोदेशी जातो. यांनी चीनच्या उत्खननातल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या शेवयांचा दाखला दिला. त्या भरडधान्याच्या, आमचा गव्हाचा, बाई म्हणाल्या. तो अरबांनी आणला की बेटावर आधीच होता, हे मात्र छातीठोक कुणालाच सांगता येत नाही, हेही त्यांनीच कबूल केलं. हे उठून बाहेर गेले. मला वाटलं, मोडलं लग्न.

मी खिरीसाठी कणकेचे नखुले नखानं दाबून करायला आत गेले. बाई अन् संघप्रिया मागून आल्या. सुपातला बन्सी गव्हाचा दाणा दाताखाली फोडला अन् हसल्याच. म्हणाल्या, हा तर आमच्या पास्त्याचाच कडक गहू! मग मांडी घालून बसल्या, कणकेचा गोळा घेतला, अंगठ्यानं दाबला. ताई, आपल्या नखुल्याचीच खोलगट वाटी! माझे कोणते, त्यांचे कोणते, ओळखू येईना. संघप्रियाला रडू आवरेना.

दारात हे उभे होते. ताटातला एक माझा, एक बाईंचा नखुला उचलून शेजारी शेजारी धरून बघितला. मग संघप्रियाला म्हणाले, त्यांना सांग, मार्को पोलोचं माझं चुकलं; अन् विचार, तारीख कोणती सोयीची.

२५ मे, बोरीच्या बुद्धविहारात! जिंकलो गं ताई! ये लवकर, तुझी छाया असू दे.

तुझी,
सुकेशनी

सेलू, २६ एप्रिल २०२५

चि. सुकेशनीस, आशीर्वाद व कडक जयभीम!

पत्र गल्लीत मोठ्यानं वाचून दाखवलं. पुराव्यापुढं मान तुकवणारा माणूस हाय पंडितराव, मला अभिमान वाटला. बायकांनी लगेच शेवयाचं पीठ भिजवलं. अन् शेवया पहिल्यांदा कुणी केल्या, यावर इथंही भांडण जुंपलंय. मी सगळ्यांना गप केलं. म्हणलं, शोध कुणी का लावंना, वरमाय तर आता आपल्या घरची झाली!

पोरीला माझा पापा दे.

तुमचीच,
धम्मशीला