सुईएवढं भोक

सोनगीर, २२ नोव्हेंबर १९८८

खच्ची केलेली माझी पाच डुकराची पिल्लं रक्त वाहून मेली, म्हणून आज धुळ्याहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी उरलेल्या एका पिल्लाच्या कानाला सुई टोचली. नुसती सुई! आमचा चहा दोनदा झाला, तरी कान गळतच होता.

डॉक्टर म्हणाले, "आबा, याचं रक्त गोठत नाही. दोष आईबापाकडून आलाय. ते धडधाकट दिसतात, पण दोघांकडूनही आला की पिल्लात उतरतो. आई कुठली?"

"घरचीच. पिल्लांच्या बापाचीच लेक."

बोललो आणि माझं मलाच उमगलं. जात चांगली राहावी म्हणून बापलेकीची जोडी मीच लावली. पुस्तकं वाचून शहाणा झालेला मी! माणसांची सोयरीक जुळवताना सात पिढ्या विचारतो, इथं कसा आंधळा झालो?

आणि ही पिल्लं खच्ची करणारा सुकदेव? या कामात त्याचा जन्म गेला. "आबा, मना हात चांगला शे, रगतच थांबस नही," असं तो कळवळून सांगत होता. मी त्याला भर बाजारात दारुड्या म्हणालो. तेव्हापासून त्याला कोणी कामाला बोलावत नाही. त्याची बाजू खरी ठरायला सुईएवढं भोक पुरलं.

दिवेलागणीला त्याच्या घरी जाऊन हात जोडले. तो उठलाही नाही.

"आबा, चारचौघांमा बोलनात, आते चारचौघांमाच सांगा."

ही म्हणते, घरातल्या घरात मिटवा. कसं मिटवू? उद्या बाजार आहे. मी जाणार.