काळजाचं पाणी

३ जून
झालो एकदाचा रुजू! डायलिसिस विभागात तंत्रज्ञ, खिडकीलगत खुर्च्यांची रांग, यंत्रं नवीकोरी. मोठ्या सिस्टरांनी आल्याआल्या दम भरला: हे पेशंट किडनीने कमी आणि हृदयाने जास्त जातात. वर्षानुवर्षं यंत्रावर राहून काळीज थकतं, म्हणून अंगात साठलेलं पाणी सावकाश काढायचं. मी मान डोलावली. एवढं मलाही कळतं की! कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या पेशंट शाळेत शिकवायच्या, सगळे त्यांना बाईच म्हणतात. सुई छान टोचतोस म्हणाल्या. स्वारी खूश.

९ जून
बाई भारी किरकिऱ्या. सारखं तेच, पाणी काढायचा वेग कमी कर, छातीत धडधडतं. यांचं ऐकत बसलो तर घरी कधी जायचं? गुपचूप वेग वाढवला, काम लवकर आटोपलं. सिस्टरांना पत्ताच नाही.

१२ जून
आज मित्र खाली खोळंबले होते, म्हणून वेग आणखी वाढवला. बाई म्हणाल्या, थांब रे, काळीज पिळतंय. मी म्हटलं, होतं असं. गजर वाजला तो बंद केला. मग सिस्टर धावत आल्या, बाईंची छाती दाबत राहिल्या. उपयोग झाला नाही. शेवटपर्यंत बाई चष्म्याआडून माझ्याकडेच बघत होत्या. मी तेवढ्यात यंत्रावरचा वेगाचा आकडा खाली आणून ठेवला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलंच होतं. सुटलो बुवा.

१५ जून
तहान, तहान. तांब्यावर तांब्या रिचवतो, तोंड कोरडंच. पँट कमरेवर ठरत नाही. डॉक्टरांनी चेष्टा केली, तुझं कोणी चोरून डायलिसिस करतंय की काय. सगळे हसले. मीही हसलो.

१८ जून
डाव्या हातावर सुईच्या दोन ताज्या खुणा, डायलिसिसच्या पेशंटना असतात तशा. भर दुपारी बाईंच्या रिकाम्या खुर्चीजवळचं यंत्र आपोआप सुरू— नळीत रक्त. सिस्टर म्हणतात, यंत्र बंदच आहे. माझा ठोका चुकतो. खराखुरा.

१९ जून
नोकरी सोडली. घरी आलो, तर इथेही ती घरघर— नळ्या माझ्याच हातातून निघून पलंगाखाली—

२० जून
बाई उशाशी बसल्यात. डावा हात हलत नाही, उजव्याने लिहितोय. कबूल केलं, मीच मारलं तुम्हाला. म्हटलं, एकदाच काय ते संपवून टाका. त्या म्हणाल्या, धडा एकदा गिरवून पक्का होत नाही. छाती पिळते— ठोके थांबायला येतात— मग थोडं पाणी परत सोडतात, जरा बरं वाटू देतात— चष्मा सारखा करतात— आणि आकडा वाढवतात— पाणी सोडतात— पुन्हा—