खांद्याचा व्यायाम आणि आमचे हे

सोलापूर, बुधवार

ती. अक्कास धाकट्या प्रेमलाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हातही आता जोडता येतो, म्हणून मुद्दाम लिहिते.) तुझे गुडघे कसे आहेत? धरणाचं पाणी मागं सरलं की तुमची पंपाची मोटार पुढं ढकलावी लागते, त्यात तू हात घालू नकोस. अशानं काय होतं ते मी भोगते आहे.

ह्यांना आंघोळीला उठवताना खांद्यात कळ आली आणि हात वर जाईना. वेणीसुद्धा घालता येईना. डॉक्टर म्हणाले, खांद्याची शीर वयानं झिजून जुन्या लुगड्यासारखी विरलीय. मी म्हटलं, मग टाके घाला. ते म्हणाले, आधी काही महिने व्यायाम करा, पुष्कळांना तेवढ्यानंच आराम पडतो. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या चेतनानं मला भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढायला शिकवलं. शेजारच्या सिद्धम्मानं ते खिडकीतून पाहिलं आणि येऊन माझी दृष्ट काढून गेली. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून ओढत होते, तर ह्यांनी पलीकडून दार उघडलं आणि मी पट्ट्यासकट तांदळाच्या पिंपावर जाऊन बसले. हे म्हणाले, "लागलं का?" फार दिवसांनी माझी विचारपूस केली गं. लागल्याचं मला कळलंच नाही.

ह्यांचा विसराळूपणा तुला ठाऊक आहे. आता आठवणीतून माणसंही गळू लागलीत. पण मी भिंतीपाशी उभी राहिले की हेही शेजारी येऊन बोटं चढवतात (माझ्या पुढं जातात). परवा मला कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी कोपराखाली हात देऊन माझा हात अलगद खाली आणला आणि म्हणाले, "बाई, एवढं दुखतंय तर तुमच्या मालकांना सांगा की."

"सांगते," मी म्हटलं.

"चांगले हायत का ते?"

"चांगले आहेत. जरा कमी बोलतात."

"मग बरंय," म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडं वळले.

खांदा मात्र खरंच सुधारलाय. अंबाडा घालते, फळीवरचा डबा काढते. ह्यांना ओढून उठवायचं नाही असं चेतनानं बजावलंय, म्हणून त्यांच्या मनात येईपर्यंत शेजारी बसून राहते. कधीकधी पाणी गार होतं. बाकी सगळं ठीक. तू धावत येऊ नकोस.

तुझी,
प्रेमला

ता. क. पट्टा आता खिडकीच्या गजाला बांधते.

आणखी एक. "प्रेमला कुठंय?" असं हे सारखं विचारायचे, तेव्हा एकदा मीच बोलून गेले की जेऊरला अक्काकडं गेलीय. तेव्हापासून तिला आणायला म्हणून पिशवी भरून दाराशी बसतात. रविवारी गाडीनं त्यांना घेऊन येते. आम्ही पोचलो की तू अंगणात ये आणि त्यांच्यादेखत मला नावानं हाक मार. तुझा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. नाहीच पटलं, तर प्रेमला आत निजलीय म्हण. मी मागच्या दारानं आत जाऊन निजते.