उरलेल्या औषधांचं कपाट

सिस्टर, आज नव्या मुलींना मी शिकवत होते, इस्पितळातले जंतू औषधाला दाद का देत नाहीत ते. कुणाचा मुक्काम लांबलाय, कुणाची लघवीची नळी उगाच आत राहिलीय, कुणाला आधी अर्धवट अँटिबायोटिक मिळालंय, ते पहिलं बघा, म्हटलं. हे सगळं मी पुस्तकात वाचण्याआधी तुमच्या शंभर पानी वहीत वाचलं होतं, नव्वदच्या दशकात, नवी मुंबईतल्या आपल्या पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. तेव्हा कॉम्प्युटर नाही की संसर्गावर लक्ष ठेवणारी कमिटी नाही. उरणकडच्या खाडीगावातून येणाऱ्या तुम्ही, ड्युटी संपल्यावर स्टुलावर बसून लिहायचात: कोण किती दिवस पडून आहे, कुठली नळी, आधी काय टोचलं. "सिस्टर पंचांग लिहितायत," असं मीच सगळ्यांना हसवायचे. मेली अक्कल कुठे होती!

आणि ते कपाट. घरी जाणारे पेशंट उरलेली इंजेक्शनं, गोळ्या आपल्याकडे ठेवून जायचे, "कुणा गरिबाच्या कामी येईल" म्हणून. पानात अन्न टाकू नये तसं औषधही टाकू नये, असंच आम्हाला वाटायचं. मग ज्याला लागेल त्याला ह्यातलं दोन दिवस, त्यातलं एक दिवस. पुण्यच की! एके दिवशी वही मिटून तुम्ही म्हणालात, "आजपास्नं यातला थेंबबी कुनाला द्यायचा नाय." कुलूप लावलं नाहीत. तुमचा शब्द पुरेसा होता.

मला पुरला नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एक माथाडी, साताऱ्याकडचा, पायावर पत्रा पडून आलेला. त्याची बायको दर वेळी एकच विचारायची, "ताई, पाय ऱ्हाईल न्हवं?" डॉक्टरांनी लिहिलेलं इंजेक्शन खालच्या मेडिकलमध्ये संपलं होतं. तिचं तोंड बघवेना. तुमची सुट्टी होती. मी कपाटातलं दुसरंच, जास्त जोराचं, होतं तेवढं टोचलं. चार्टवर लिहिलं नाही. पुढे जखम पुवानं भरली आणि सर्जनसाहेब म्हणाले, आटोक्यात येत नसेल तर पाय काढावा लागेल.

तुम्ही मला लॅबमध्ये घेऊन गेलात. काचेच्या बशीत त्याच्या जखमेतले जंतू वाढवलेले, वर औषधांच्या टिकल्या. जे औषध लागू पडतं त्या टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडतं. इथे जंतू टिकल्यांना अगदी खेटून वाढलेले, फक्त एकीभोवती बारीकसं रिंगण. डोळ्याला न दिसणारा जीव, आणि आमच्या जवळजवळ सगळ्या औषधांना पुरून उरला! "बघ गो, किती हुशार हाय," तुम्ही म्हणालात, आणि आवाजात राग नव्हता. मोठ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोललात.

नंतरचे दिवस मी नुसती बघत राहिले. त्याला कोपऱ्यातली खाट, वेगळा ट्रे, लघवीची नळी त्याच दिवशी बाहेर. त्या एका रिंगणाचं औषध मिनिटाचाही उशीर न होता. राउंडला आलेल्या सर्जनसाहेबांसमोर तुम्ही आडव्या उभ्या राहिलात. "सायेब, हात." आणि साहेब निमूट बेसिनकडे! हळूहळू पू थांबला, पाय राहिला. घरी जाताना बायको तुमच्या पाया पडायला वाकली तर तुम्ही मागे सरकलात, "आदी हात धू, मंग पाया पड." ती रडता रडता हसली. सिस्टर, इतकी वर्षं झाली, पण तेवढं मोठं काही मी पुन्हा पाहिलं नाही.

पण मधे एकदा तुम्ही मला विचारलं होतंत, "याला कपाटातलं काय दिलंस का गो?" मी म्हणाले, "नाही, सिस्टर." तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. काही दिवसांनी वहीत त्याची ओळ दिसली. आधीच्या औषधांचा रकाना कोरा, आणि पुढे तुमच्या अक्षरात, "माझा हात?" शेजारच्या खाटेचं ड्रेसिंग करून आपणच त्याच्यापर्यंत जंतू नेला, असं तुम्ही धरून चाललात. निवृत्त होईपर्यंत हात इतके धूत राहिलात की कातडीला भेगा पडल्या. मी तुम्हाला मलम आणून दिलं. तोंड उघडलं नाही.

जंतू कुठून आला, कशानं माजला, हे आज मलाही छातीठोक सांगता येणार नाही. मुलींना मी ही गोष्ट सांगते, पाय वाचला तिथपर्यंतच. आजही तिथेच थांबले. दिलं होतं, सिस्टर. दीड दिवस.