दारावरचा वान

मंगळवार, ११ फेब्रुवारी

झोप नाही. परवाची अख्खी सहल सान्यामॅडमनी माझ्यावर सोपवली! सकाळी डाकारमधली दोन संग्रहालयं, दुपारी होडीने बेटावर, मॅडमच्या स्वतःच्या छोट्या संग्रहालयात. गुलामांच्या व्यापाराच्या तीन खोल्या – बेड्या, कढया, नकाशे. आजवर मी शेपटाला राहून मंडळी गोळा करायचे, आता बोलायचं मी. नीट झालं तर कायमची नोकरी, नाहीतर परत मावशीच्या गाळ्यावर मासे तोला. सनावळ्या पाठ करतेय. एक आठवली की दुसरी पळते.

दारावर आमचा म्हातारा रखवालदार वान असेल, तेवढाच दिलासा. त्याला दोन शब्द सुनावले की माझा जीव थाऱ्यावर येतो.

बुधवार, १२

झग्याला इस्त्री केली. परत केली.

गुरुवार, १३

सगळं मातीत घातलं. मीच!

सकाळ झकास गेली. अमेरिकेहून आलेली आमच्याच रंगाची माणसं, बहुतेक वयस्कर. त्यांचे पूर्वज ह्याच किनाऱ्यांवरून जहाजात कोंबून नेलेले. ओडेसाबाई सगळ्यांत म्हाताऱ्या. काठी टेकत चालायच्या, पण एकही पाटी सोडली नाही. मी बोलत होते आणि मला माझाच आवाज आवडायला लागला होता.

बेटावर पोचलो तर पायरीवर वान. सवयीने ओरडले, "काय रे गुलामा, मालकीण आली, ऊठ की!" तो कसला गप्प बसतोय. "मालकीण म्हणे! तुझ्या आज्याला पसाभर बाजरीत घेतला होता मी. खाऊन खाऊन मलाच बुडवलं त्यानं." दोघंही पोट धरून हसलो.

आत गेल्यावर ओडेसाबाईंनी विचारलं, एवढं हसायला काय झालं? आणि मी शहाणी, बेड्यांच्या खोलीत उभी राहून शब्दन्शब्द इंग्रजीत सांगितला! वर मिरवलं – मी सेरेर जमातीची, तो तुकुलेर जमातीचा, आमच्यात भेटलं की एकमेकांना गुलाम म्हणायचं, आणि रागवायचं नाही. राग धरला तर तोच हरला. वाडवडिलांपासूनची रीत आहे, म्हणून आमच्यात भांडणं होत नाहीत.

कुणी हसलं नाही. एक गृहस्थ तडक बाहेर गेले. ओडेसाबाई खिडकीखाली बसल्या. बराच वेळ बेड्यांकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "त्याला तो शब्द चालतो का, विचारलंस कधी?"

मी म्हटलं, त्यात विचारायचं काय! पण परतताना होडीत माझ्याशी कुणी बोललं नाही.

शुक्रवार, १४

त्या गृहस्थांची तक्रार आली. मॅडमनी वानला घरी बसवलं. मला नाही! सुरुवात मी केली, असं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "गाइड तयार करायला दोन वर्षं जातात, दिबोर. दारात काय, कुणीही उभा राहतो." आणि लगेच कायमची नोकरी हातावर ठेवली. मी आभार मानून बाहेर आले. आभार मानले मी! लाज वाटते.

शनिवार, १५

बाईंचा प्रश्न पाठ सोडत नाही. चिडवायला काय परवानगी घेतात? सगळे सेरेर सगळ्या तुकुलेरांना चिडवतात, त्यांच्यातल्या इमामालासुद्धा. तरी मासे नीट तळता आले नाहीत आज, दोनदा करपवले.

रविवार, १६

वानकडे जाऊन आले. डाकारबाहेर गेदियावायला, मशिदीमागची दोन खोल्यांची जागा. त्याची बायको पेन्दा अंगणात चहा उकळत होती. मला बघून वान म्हणाला, "गुलाम पळून आली बघ, बांध तिला." मला हसू येईना. चटईवर बसले आणि विचारूनच टाकलं, तुम्हाला तो शब्द चालतो का? 'तुम्हाला' म्हटलं मी, आयुष्यात पहिल्यांदा.

पेन्दाने पेला खाली ठेवला. मग वानने सावकाश सांगितलं. त्याच्या गावी, नदीकाठी, तो शब्द त्याला खराच लागू आहे. पणजोबा विकत घेतलेले. वान हे आडनावही त्या मालकांचंच. अजून तिथे त्याने नमाजाला पुढच्या रांगेत उभं राहायचं नाही, आणि त्या घरची मुलगी तर मागायचीच नाही. तोंडाने कुणी काही म्हणत नाही. सगळ्यांना माहीत असतं, तेवढं पुरतं.

मला रडू आलं. माफ करा म्हणाले. तर तो चिडला! ह्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माफी कसली मागतेस? अगं, त्या बड्या वानांचा पोरगा इथे बँकेत आहे. तू त्यालाही गुलाम म्हणतेस आणि मलाही, एकाच दमात. एवढ्या जगात तुझ्याच तोंडी आम्ही दोघं सारखे आहोत. ते नको बिघडवूस. मी परत दारावर आलो की नेहमीसारखी ओरड. कळलं?"

कळलं म्हणाले. पेन्दाने रीतीप्रमाणे तिसरा, सगळ्यांत गोड चहा दिला. अर्धा पेला तसाच ठेवून उठले.

मंगळवार, १८

मॅडमना सांगून टाकलं – वान नसेल तर परवाची सहल तुम्ही न्या. मॅडम खूप बोलल्या, मग त्यांनाच हसू आलं. "बरं बाई, ये घेऊन त्याला. आणि चेष्टा करा हवी तेवढी, फक्त मंडळींना आधी होडीतच समजावून सांग."

जिंकले! मग परवाची एवढी धास्ती कसली?

बुधवार, १९

आरशासमोर म्हणून बघितलं. काय रे गुलामा. काय रे गुलामा. पूर्वी कधी असं म्हणून बघावं लागलं होतं का?

गुरुवार, २०

होडीत नवीन मंडळींना सगळी रीत समजावली. ती आतुर झाली होती ऐकायला. वान पायरीवर उभे होते, कमरेवर हात, हसू आधीच तयार. माझ्याकडे बघत थांबले. मी तोंड उघडलं.

"सलाम, काका," म्हणाले.

त्यांनी हात खाली घेतले, बाजूला झाले आणि आम्हाला आत सोडलं.