कबरीवरचे दोन शब्द

शरणपूर, नाशिक
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय उजू,
प्रभूच्या नावाने सलाम आणि थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तीन वर्षांत माझा एकही फोन तू उचलला नाहीस, म्हणून हे पत्र अंजलीच्या हाती देते आहे. ती आपल्या चर्चच्या मंडळीतली, तुमच्या येवल्याच्या शाळेत शिकवते, रोज एसटीने येते-जाते. निदान तिच्यासमोर फाडू नकोस.

इकडे सर्व ठीक. नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली आहे. पेटी यंदाही बेसूर, आणि मी यंदाही सगळ्यांवर ओरडते आहे. माझ्या पोटात गाठ निघाली आहे. शुक्रवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, वय सत्तरीचं, त्यात शुगर, काहीही होऊ शकतं. पाळकसाहेब प्रार्थना करून गेले. जाताना म्हणाले, "सुलाबाई, तुम्हाला आम्ही काय धीर द्यायचा? तुम्ही किती जणांना हाताला धरून घरापर्यंत पोचवलंत!" मी हसले. ते गेल्यावर दाराला कडी लावली.

उजू, मला भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

चाळीस वर्षं मी मरणाऱ्यांच्या उशाशी बसले. हा नुसता मुक्काम, आपलं खरं घर वर आहे, स्वर्गातला बाप वाट बघतोय, असं सांगत आले. ते खोटं नव्हतं. आजही मी तेच मानते. पण सकाळी चहा गाळताना वाटतं, हे पातेलं, ही खिडकी, दारातली तगर सोडून कुठे जायचं? मग स्वतःचीच लाज वाटते, आणि भीती काही जात नाही.

आता मघापासून टाळते आहे ते सांगते.

तुझे रंगनाथराव गेले त्या दुपारी तू औषधं आणायला हॉस्पिटलच्या खाली गेली होतीस. दफनाच्या वेळी मी सर्वांसमोर साक्ष दिली, की ते हसत गेले. तू हंबरडा फोडलास तेव्हा मी गाणं सुरू केलं आणि तुझा आवाज बुडेपर्यंत सगळ्यांना म्हणायला लावलं. ज्यांना स्वर्गाची आशा आहे ते असं रडत नाहीत, असं वर तुलाच सुनावलं. त्या गाण्यापायी तू मला तोडलंस. पण तुला अर्धंच माहीत आहे.

तुझा नवरा हसत गेला नाही. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "आक्का, लय भ्या वाटतंय. मला येवल्याला घरी न्या. मागावर अर्धी पैठणी हाय. उजूला बोलवा." मी तुला बोलावलं नाही. म्हटलं, "भिणं म्हणजे अविश्वास, रंगनाथराव. आपलं घर वर आहे." त्यांनी माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा बोलले नाहीत. तू वर आलीस तेव्हा सगळं संपलं होतं.

कबरीवर "स्वगृही गेले" हे शब्दही मीच कोरून घेतले. तुला नुसतं नाव आणि तारखा हव्या होत्या. आता तिथे गेले की मला ते वाचवत नाहीत.

माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते. माफ कर.

गुरुवारी ॲडमिट व्हायचं आहे. महिला मंडळाच्या बायका येतील, मला माझीच वाक्यं ऐकवतील, आणि मी हसेन. तू आलीस तर त्यांना बाहेर काढ. गाऊ नकोस. मला भीती वाटते म्हटलं, तर नुसतं "हो" म्हण आणि हात सोडू नकोस.

नाही आलीस, तर माझ्या दगडावर नाव आणि तारखा पुरेत. बापाचं घर आहेच, उजू, आणि दारात रंगनाथराव उभे असतील. त्यांना काय सांगू, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

तुझी भ्यालेली,
सुलाआक्का