काळ्यानं डाव सोडला

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र आल्यापासून मी एका जागी बसलेली नाही. गॅस बंद आहे का, हे तीनदा पाहून आले; स्वयंपाकच केला नव्हता, तर तो चालू कशाला असेल! तू लिहितोस, येत्या रविवारपासून लेकीच्या इमारतीखालच्या बाकावर जाऊन बसणं बंद. तुम्ही नवरा-बायको वेगळे झालात तेव्हापासून ती खाली येत नाही, फोन उचलत नाही. "तिला मी नको असेन, तर मी तिला मोकळं करतो." किती समजूतदार वाक्य! ते वाचलं आणि मला बाबांचं ते बुद्धिबळाचं पुस्तक आठवलं.

मोठमोठ्या खेळाडूंचे डाव होते त्यात. बुटांच्या खोक्याची पट्टी कापून बाबा पुढच्या चाली झाकायचे आणि आपण ओळखायचं, इथे तो काय खेळला असेल. तू पटकन घोडा उचललास की म्हणायचे, "का रे, गाडी सुटतेय तुझी?" बरोबर आलं की पट्टी एक ओळ खाली. एकाच घोड्यानं वजीर आणि हत्ती दोघांना पेचात धरणं, प्यादं देऊन मधली वाट मोकळी करणं, सगळं त्या पट्टीखालून शिकलो आपण. पण जवळजवळ प्रत्येक डावाची शेवटची ओळ एकच: काळ्यानं डाव सोडला. मात झालेली त्या पुस्तकात क्वचितच पाहिली. थोर माणसं वेळेवर उठतात, हात मिळवतात, हेच आपल्या डोक्यात बसलं. त्यांना पुढचं सगळं दिसत होतं म्हणून ते उठत होते. आपल्याला काहीच दिसत नव्हतं. आपण नुसतं उठायचं कसं ते शिकलो. मीही त्यातलीच. बढतीच्या मुलाखतीआधीच अर्ज मागे घेतला आणि वर ऐटीत घरी आले.

हे लिहिताना शंका येते, मी तुला समजावतेय की मोठेपणा गाजवतेय? त्या बाकावर तू बसतोस, मी नाही. रखवालदार "आजही?" म्हणतो, ते तुला ऐकावं लागतं.

काल तुझी भिंगरी माझ्याकडे आली होती. न कळवता, खांद्यावर दप्तर. "आत्या, तुझ्याकडे पट आहे ना?" मी तिच्यासमोर तुझा कॉलेजातल्या अंतिम फेरीचा डाव मांडला, तू सोडलास तिथपासून. तो मला अजून तोंडपाठ आहे. कोपऱ्यात कोंडलेला तुझा राजा, अडलेली प्यादी, एकटा वजीर. ती नखं कुरतडत बसून राहिली. मग म्हणाली, "बाबा इथे उठले? इथे?" आणि वजीर नेऊन थेट समोरच्या राजाला चिकटवला. शह! त्याला तो मारावाच लागतो, आणि मारला की तुझ्या राजाला शह नाही, पण तुझ्याकडे चालही उरत नाही. डाव बरोबरीत. जिंकला नसतास, पण हरलाही नसतास. इतकी वर्षं मला हे दिसलं नव्हतं. "खुळेच आहेत बाबा," म्हणाली आणि हसली. तुझ्यासारखीच, नाकातून.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. जाताना चपला घालत, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "रविवारी येणारेत ना ते?" मी म्हटलं, तू खाली जाणार असशील तर येतील की. "मी नाही जाणार, सांगून ठेवते. पण पडद्याआडून बघते मी. मागच्या वेळी छत्री विसरले होते, वेड्यासारखे भिजत बसले." मग माझं मनगट घट्ट धरून, "त्यांना सांगितलंस तर बघ!" मी शब्द दिला. आज तो मोडतेय, आणि बरोबर करतेय की नाही, मला खरंच कळत नाही. तेव्हा माझ्यासाठी एवढं कर. रविवारी जा. छत्री ने. बाकावर बस. आणि काही झालं तरी वर बघू नकोस.

तुझीच,
ताई